तारीख तीच, मग भांडण कशाचं? विकिपीडियावरच्या 'स्क्रिप्ट' संपादनांबद्दल

इंग्रजी विकिपीडियावरचा एखादा जुना लेख उघडा, होळकरांवरचा असो की एखाद्या रेल्वे स्टेशनावरचा, आणि वरचं 'व्ह्यू हिस्टरी' दाबा. कोणी, कधी, काय बदललं याची लांबलचक यादी समोर येते. त्या यादीत एक नोंद वारंवार भेटते: 'स्क्रिप्टच्या मदतीनं तारखा एकसारख्या केल्या'. मजकूर वाढलेला नसतो, नवा संदर्भही जोडलेला नसतो. 'मे ३१'चं '३१ मे' झालेलं असतं, बस्स. आणि तरीही चर्चा पानावर गेलात तर एवढ्याशा बदलावरून चांगली शिकलेली माणसं हमरीतुमरीवर आलेली दिसतात.

इंदुरात विकिपीडियावर लिहिणारी जी थोडी मराठी मंडळी आहेत, त्यांना हा प्रकार हमखास बुचकळ्यात टाकतो. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना ताई म्हणतात, होळकरकाळावर फार जपून लिहितात. त्यांच्या लेखात कोणा परदेशी सदस्यानं असे बदल केले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, माझी तारीख चुकली होती का रे?" चुकली नव्हती. पण नुसतं "नाही ताई" म्हणून भागण्यासारखा हा विषय नाही.

तारखेच्या दोन रीती

इंग्रजीत तारीख लिहायच्या दोन मुख्य रीती आहेत. भारतात आणि ब्रिटनमध्ये दिवस आधी: ३१ मे १७२५. अमेरिकेत महिना आधी, मग स्वल्पविराम आणि वर्ष: मे ३१, १७२५. दोन्हींच्या अर्थामध्ये तसूभरही फरक नाही.

इंदूरकराला हे कळायला वेळ लागू नये. देवी अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपल्या पंचांगात श्रावण वद्य चतुर्दशीला येते. शेजारच्या हिंदीभाषक घरातल्या कॅलेंडरात त्याच दिवशी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी असते, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. अहिल्योत्सवाची पालखी एकाच दिवशी निघते आणि दोन्ही घरची माणसं ती बघायला रस्त्याच्या कडेला उभी असतात. कोणी कोणाला चूक म्हणत नाही. पण दोघांनी मिळून एकच कार्यक्रमपत्रिका छापायची ठरवली, तर कुठला महिना छापायचा हे ठरवावं लागेल. वर श्रावण आणि खाली भाद्रपद छापलं, तर वाचणारा दोन कार्यक्रम समजून एका महिन्यानं पुन्हा येईल.

विश्वकोशातला लेख अशाच सामाईक पत्रिकेसारखा असतो. म्हणून इंग्रजी विकिपीडियाची लेखनशैलीची नियमावली सांगते की एका लेखात तारखेची मांडणी एकच असावी. कुठली, याचं उत्तर विषयावरून मिळतं. लेखाचा विषय एखाद्या इंग्रजी वापरणाऱ्या देशाशी घट्ट जोडलेला असेल, तर त्या देशाची रीत. इंदूर, होळकर, भारतीय रेल्वे या सगळ्यांना दिवस आधी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला महिना आधी. मात्र अमेरिकी सैन्याशी संबंधित लेखांत दिवस आधी चालतो, कारण ते सैन्य स्वतःच तशी तारीख लिहितं. कॅनडाला दोन्ही चालतात. विषय कुठल्याच देशाचा नसेल, समजा एखादा तारा किंवा एखादा रोग, तर लेखात पहिल्यांदा मोठा मजकूर घालणाऱ्यानं जी रीत वापरली तीच पुढे टिकवायची. 'मला ही बरी दिसते' एवढ्या कारणावरून बदलायची नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. ती नसती तर प्रत्येक लेख अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांमध्ये अखंड हेलकावे खात राहिला असता.

ठरलेली रीत पुढच्या माणसाला कळावी म्हणून लेखाच्या वरच्या भागात एक साचा टाकतात. साचा म्हणजे ठरावीक काम करणारा तयार मजकुराचा तुकडा. हा साचा वाचकाला दिसत नाही, संपादन करणाऱ्याला दिसतो, आणि तारखा शेवटच्या कधी तपासल्या त्याचा महिना आणि वर्षही त्यात नोंदवलेलं असतं.

स्क्रिप्ट वेगळी, सांगकाम्या वेगळा

स्क्रिप्ट म्हणजे सदस्यानं आपल्या खात्यात बसवलेला छोटासा प्रोग्राम. तो बसवला की पानाच्या कडेला एक जादा बटण दिसू लागतं. ते दाबलं की स्क्रिप्ट लेखाचा सगळा मजकूर चाळते, तारखेसारखं जे जे दिसेल ते ठरलेल्या रीतीत बसवते आणि झालेले बदल पुढ्यात ठेवते. माणसानं ते वाचायचे आणि मग जतन करायचं. ऑटोविकिब्राउझर नावाचं साधन याच कामाचा वेग आणखी वाढवतं. त्याला शेकडो पानांची यादी द्यायची, ते एकामागून एक पान उघडून सुचवलेला बदल दाखवत जातं.

बॉट, ज्याला मराठी विकिपीडियावर सांगकाम्या म्हणतात, तो आपला आपण चालतो. त्याचं खातं वेगळं असतं, काम सुरू करण्याआधी त्याला समाजाकडून मंजुरी घ्यावी लागते, आणि त्याच्या बदलांवर खूण असते. ज्यांना ते बदल बघायचे नसतील ते एका टिचकीत लपवू शकतात.

स्क्रिप्टनं केलेला बदल माणसाच्या नावावर जातो. त्याला खूण नसते आणि आधी मंजुरीही लागत नाही. त्याऐवजी एक जबाबदारी असते: 'जतन करा' ज्यानं दाबलं, त्यातला प्रत्येक बदल त्यानं हातानं टंकला असंच धरलं जातं. 'ते स्क्रिप्टनं केलं' हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालू नयेच. एखादा सदस्य मिनिटाला इतकी पानं जतन करू लागला की तो वाचत असणं शक्यच नाही, तर ते काम मंजुरी न घेतलेल्या सांगकाम्याचं समजलं जातं.

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. दिवस आधी की महिना आधी यावर फारसं कोणी भांडत नाही. हजार पानांना हात लावणाऱ्यानं त्यातली किती वाचली, यावर भांडण होतं.

यंत्र नेमकं कुठे घसरतं

ताईंच्या लेखातला बदल आम्ही उघडून पाहिला. विकिपीडिया दोन आवृत्त्या शेजारी शेजारी लावून दाखवतो: डावीकडे जुनी, उजवीकडे नवी, बदललेले शब्द रंगवलेले. वरच्या ओळी ठीक होत्या. खाली मात्र एका जुन्या पत्रातलं अवतरण होतं, अवतरणचिन्हांत, लिहिणाऱ्याच्या शब्दांत. तारीखही त्यानं लिहिली तशीच ठेवली होती, महिना आधी. स्क्रिप्टनं तीही फिरवली. उजव्या बाजूला अवतरणचिन्हं तशीच होती, पण आतलं वाक्य आता पत्रातलं राहिलं नव्हतं. ताईंना वाईट वाटलं ते याचं, आणि मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. अवतरणातला शब्द आपला नसतो, म्हणून तो बदलायचा अधिकारही आपला नसतो. विकिपीडियाची नियमावलीसुद्धा हेच सांगते: थेट अवतरणातल्या आणि पुस्तक किंवा बातमीच्या शीर्षकातल्या तारखा जशा छापल्या तशाच ठेवायच्या.

चित्रांच्या फाइलींची नावं हा दुसरा सापळा. समजा राजवाड्याच्या फोटोच्या नावातच 'ऑगस्ट १३, २०१५' असं लिहिलेलं आहे. मजकुरात ते नाव फिरलं की त्या नावाची फाइल सापडत नाही आणि फोटोच्या जागी तुटका दुवा उरतो. वेबपत्त्यांचंही तसंच. चांगल्या स्क्रिप्ट हे भाग वगळून पुढे जायला शिकलेल्या असतात, पण लेखांतली मांडणी इतकी नाना तऱ्हेची असते की काही ना काही हातून निसटतंच. ठरलेली नावं हा आणखी एक प्रकार. अमेरिकेतल्या २००१च्या हल्ल्यांना इंग्रजीत 'सप्टेंबर ११' असंच म्हणतात. ते नाव आहे, त्याला तारखेचा नियम लावायचा नसतो.

मग नुसत्या आकड्यांच्या तारखा. ०५/०४/२०१२ म्हणजे आपल्या वर्तमानपत्रात ५ एप्रिल, अमेरिकी संकेतस्थळावर ४ मे. मूळ संदर्भ उघडल्याशिवाय हे सांगता येत नाही, आणि स्क्रिप्ट संदर्भ उघडून वाचत नाही. इथे चूक झाली तर तारीखच बदलते. पुढचा माणूस तीच तारीख उचलून आपल्या लेखात घालतो.

मात्र आपल्या दृष्टीनं सगळ्यात नाजूक जागा आहे ती जुन्या कॅलेंडरची. इंग्लंडनं जूलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन धरलं ते १७५२ साली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. पोर्तुगालनं हा बदल १५८२ सालीच केला होता. त्यामुळे शिवकाळात सुरतेच्या इंग्रज वखारीतलं पत्र आणि गोव्यातल्या पोर्तुगीजांचं पत्र एकाच दिवशी लिहिलं, तरी दोन्हींवरच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडतं. महाराष्ट्र शासनानं मान्य केलेली शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही जूलियन आहे. आजच्या हिशेबानं तो दिवस १ मार्च १६३० येतो. तिथी तीच, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१.

आता कोणी स्क्रिप्ट चालवून ही तारीख १६३०-०२-१९ अशी मांडली, तर वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण वर्ष-महिना-दिवस ही मांडणी ज्या आयएसओ ८६०१ प्रमाणकातून आली, ते प्रमाणक ग्रेगोरियन कॅलेंडरच गृहीत धरतं. म्हणजे मांडणी बदलता बदलता तारखेचा अर्थ दहा दिवसांनी सरकला.

त्यातच इंग्लंडचं वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीची, जानेवारी १६६४ची, इंग्रजी कागदपत्रं १६६३/४ अशी दुहेरी सालं दाखवतात. जाणकाराला त्या तिरप्या रेघेत दोन वर्षारंभ दिसतात. ज्या प्रोग्रामला हे कोणी शिकवलेलं नाही, त्याला ती नीट करण्याजोगी गडबड वाटू शकते.

एवढ्यावरून थेट लवादापर्यंत?

होय, गेलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत इंग्रजी विकिपीडियावर तारखा दुहेरी चौकटी कंसांत घालायची पद्धत होती. त्यामुळे तारीख दुवा बनायची, आणि ज्या सदस्यानं आपल्या खात्यात आवडती रीत निवडली असेल त्याला ती त्या रीतीनं दिसायची. कल्पना चांगली वाटते. अडचण अशी की खातं नसलेल्या वाचकाला, म्हणजे बहुसंख्य वाचकांना, काहीच फायदा नव्हता. त्यांना जशी लिहिली तशी सरमिसळच दिसायची, वर प्रत्येक पानावर '३१ मे' आणि '१७२५' असे निळे दुवे, ज्यांवर टिचकी मारून लेखाच्या विषयाची काहीही माहिती मिळायची नाही.

ऑगस्ट २००८मध्ये नियमावलीनं ही पद्धत बाद ठरवली. लगेच काही सदस्यांनी स्क्रिप्ट लावून दुवे झपाट्यानं काढायला सुरुवात केली. दुसऱ्यांनी ते परत घालायला. प्रकरण लवाद समितीकडे गेलं, म्हणजे सदस्यांनीच निवडून दिलेल्या, शेवटचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे. २००९च्या सुरुवातीला समितीनं आधी अशा घाऊक बदलांवर तात्पुरती बंदी घातली, आणि जूनमध्ये निकाल देताना दोन्ही बाजूंच्या काही सदस्यांवर निर्बंध आणले. पुढे सदस्यांचा कौल घेऊन, रीतसर मंजुरी मिळालेल्या सांगकाम्याकडून दुवे काढले गेले. जे काम आधी वाद पेटवत होतं, तेच विचारून केल्यावर पार पडलं.

"वाचकाला काहीच दिसत नाही, मग बिघडलं कुठे?"

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. वरच्या साच्यात तपासणीचा महिना असतो ना, काही वेळा स्क्रिप्ट पुन्हा चालवल्यावर फक्त तो महिना बदलतो. लेखात एक अक्षरही वेगळं दिसत नाही. तरी पानाच्या इतिहासात नवी ओळ चढते, आणि त्या लेखावर नजर ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या वॉचलिस्टमध्ये तो लेख वर येतो.

वॉचलिस्ट ही विश्वकोशाची राखण आहे. ताईंसारखी माणसं रोज सकाळी ती उघडून बघतात की कोणी खोडसाळपणा तर केला नाही. ती यादी नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पानाचा फक्त शेवटचा बदल दाखवते. रात्री कोणी लेखात घाण केली आणि पहाटे त्याच्यावर तारखांचं संपादन बसलं, तर सकाळी दिसतं ते तारखांचं संपादन. विश्वासू सदस्याचं नाव बघून राखणदार पुढे जातो आणि खालची घाण तशीच राहते. सांगकाम्याचे बदल लपवता येतात, हे लपवता येत नाहीत कारण ते माणसाच्या खात्यावरून आलेले असतात. म्हणूनच वाचकाला न दिसणारे बदल घाऊक प्रमाणात एकट्यानं करू नयेत असा दंडक आहे. ते दुसऱ्या खऱ्या सुधारणेसोबत केले तर कोणाची हरकत नसते.

"मग हे सगळं हातानंच करायचं का?"

छे. इंग्रजी विकिपीडियावर साठ लाखांहून जास्त लेख आहेत. एकेका लेखात संदर्भांच्या शंभर-दीडशे तारखा असू शकतात, आणि त्या निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी आपापल्या सवयीनं लिहिलेल्या. हे हातानं निस्तरायचं म्हटलं तर माणूस कंटाळून चुका करेल. स्क्रिप्ट चालवणारे बहुतेक जण निगुतीनं काम करतात, त्यांचे आभार मानायला हवेत. ताईंच्या लेखातल्या वरच्या अर्ध्या तारखा खरोखरच सुधारल्या होत्या.

शिवाय एक चांगली सोय आता झाली आहे. संदर्भाचे साचे लेखाच्या वरचा तो न दिसणारा साचा स्वतःच वाचतात आणि आपल्या तारखा त्या रीतीनं दाखवतात. आत दिवस आधी लिहिलेला असो की महिना, वाचकाला एकसारखंच दिसतं. म्हणजे संदर्भांतल्या तारखा एकेक करून फिरवण्याची गरज पुष्कळशी संपली. हे ठाऊक नसल्यामुळे अजूनही कित्येक जण ते काम करत बसतात.

"नियम माझ्या बाजूनं आहे, मग विचारू कशाला?"

नियम बरोबर असूनही हा युक्तिवाद लंगडा पडतो. एका माणसानं दुपारभरात हजार पानं बदलली आणि संध्याकाळी कोणी हरकत घेतली, तर आता काय करायचं? परत फिरवायला तितकाच खटाटोप, आणि तो हरकत घेणाऱ्याच्या गळ्यात. बहुतेक जण नाद सोडतात. याला संमती म्हणता येत नाही. विकिपीडियाचं तत्त्व असं आहे की एकाच तऱ्हेचे ढीगभर बदल करणाऱ्याला ते वादग्रस्त आहेत हे कळलं की त्यानं थांबायचं, चर्चा होऊ द्यायची आणि मगच पुढे जायचं.

मराठी विकिपीडियावर तर आणखी जपून

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. तिथे लेख तपासणारे हात इंग्रजीच्या मानानं फारच थोडे आहेत, त्यामुळे घाऊक चूक वर्षानुवर्षं टिकू शकते. शिवाय इंग्रजीसाठी घडवलेली स्क्रिप्ट मराठीत जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे '१७२५मध्ये', '१७२५च्या', 'इ.स. १७२५' असं सगळं चालतं. प्रत्यय आकड्याला चिकटतो, आकडेही कधी देवनागरी तर कधी रोमन.

आणि इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या लोकांनी एक गोष्ट मुद्दाम सांभाळावी. आपण पुष्कळ माहिती हिंदी पुस्तकांतून घेतो. त्यातला 'भाद्रपद कृष्ण' मराठी लेखात 'भाद्रपद वद्य' म्हणून उतरवला, तर शब्द बरोबर दिसतात आणि घटना एका महिन्यानं पुढे जाते. असे 'कृष्ण'चे 'वद्य' कोणी शोधा-आणि-बदला करून शंभर लेखांत केले, तर त्यातले चुकलेले किती हे शोधायला मूळ पुस्तकं पुन्हा काढावी लागतील. तिथी लिहिताना संदर्भ मराठी की हिंदी, महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) की पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा), हे तळटीपेत लिहून ठेवावं.

तुमच्या लेखावर असा बदल झाला तर

सरसकट उलटवू नका. दोन आवृत्त्या शेजारी लावून बघा, अवतरणं, शीर्षकं, फोटोंची नावं आणि १७५२च्या आधीच्या तारखा तपासा, आणि जे चुकलं तेवढंच पूर्ववत करा. संपादनाच्या सारांशात कारण लिहा. अवतरणातली तारीख वाचवायची असेल तर तिच्याजवळ एक छुपी सूचना घालता येते, 'मूळ पत्रातील मजकूर, बदलू नये' अशी. पुढे येणाऱ्या माणसाला ती संपादन करताना दिसते. ताईंनी तेच केलं.

धडाका चालूच असेल तर त्या सदस्याच्या चर्चा पानावर नम्रपणे लिहा, चुकलेल्या पानाचा दुवा देऊन. ऑटोविकिब्राउझर वापरणाऱ्याच्या चर्चा पानावर नवा निरोप आला की ते साधन आपोआप थांबतं, आणि त्यानं निरोप वाचल्याशिवाय पुढचं पान जतन होत नाही. तरीही तो ऐकत नसेल तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विषय मांडा, आणि मग प्रचालकांकडे, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांकडे, जा.